दार आतून उघडलं पाहिजे

९ जानेवारी

धाकट्या, आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला म्हणून ओरडू नकोस. ओरडायचा हक्क मोठ्या बहिणीचा असतो आणि तो मी अजून कोणाला दिलेला नाही.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेने कागद डकवलाय. सगळ्या रस्त्यांची नावं आणि घरांचे नंबर नव्याने तपासणार आहेत. ज्या गल्लीत निदान तीन दारं राहती असतील, तिचंच नाव राहील असा नियम आहे. त्याहून कमी भरली तर नाव रद्द, आणि उरलेली घरं जवळच्या मोठ्या रस्त्याला जोडायची. म्हणजे आपण 'भिंगवाल्यांची गल्ली, नंबर पाच' राहणार नाही, 'मोठा रस्ता, सव्वीस, मागची बाजू' होऊ. सव्वीस म्हणजे ते टायरचं गोदाम. जन्मभर मी भिंगं घासली, लोकांना नीट दिसायला लावलं, आणि म्हातारपणी टायरच्या पाठीमागे जाऊन बसू?

राहतं दार कसं ओळखायचं तेही लिहिलंय. नंबर ऑफिसची बाई येऊन दार ठोठावणार आणि दार आतून उघडलं पाहिजे. बाहेरून किल्लीने उघडून दाखवलं तर ते धरत नाहीत. ठीकच आहे म्हणा, रिकाम्या घराची किल्ली कोणाकडेही असते.

भिंगांचा कारखाना बंद पडल्यापासून इथे कोण उरलंय ते तुला माहीत आहे. माझं पाच नंबर आणि घड्याळजींचं नऊ. मध्ये तुझं सात, दारातच बसवलेल्या तुझ्या कुलपासकट. बाबांनी घराचे दोन भाग केले तेव्हा मधलं दार बुजवलं नाही. म्हणाले होते, भांडलात तर लावून घ्या, जेवायला बसाल तेव्हा उघडा. तू गेल्यापासून ते उघडंच आहे, भांडायला कोणी नाही.

तर सरळ विचारते. तुझं दार राहतं म्हणून सांगू की बंद म्हणून?

घड्याळजी बरे आहेत. रोज संध्याकाळी येतात, माझं घड्याळ मागे आहे म्हणून कुरकुरतात आणि माझाच चहा पिऊन जातात. तुझ्या बायकोला विचारल्याचं सांग.

— ताई

---

२० जानेवारी

ताई, नमस्कार.

राहतं म्हणून सांग. त्यात विचारायचं काय? माणूस कामासाठी बाहेर असला म्हणजे त्याचं घर बंद होतं होय? बाईला म्हणावं, भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो, वर गेलाय, खाली येईलच.

मला मात्र आत्ता निघता येणार नाही. आमची ही इमारत अकरा मजल्यांची आणि लिफ्ट एकच, तीही माझ्याच वयाची. मी दोन दिवस हललो की मधेच अडकून बसते. परवा एक शिक्षिका सातव्या आणि आठव्याच्या मध्ये अडकल्या. मी वरून ओरडून धीर देत होतो, आणि त्या आतून मला सांगत होत्या की 'घाबरू नका' मध्ये घ वर जोर नको.

तुझी भावजय मजेत आहे. तुझी आठवण काढत असते. गुडघा धरतो म्हणून पत्राला बसत नाही, एवढंच.

एक विचारायचं होतं. माझ्याबरोबरच्या एका माणसाच्या सदऱ्यांच्या कॉलरी घासून फाटल्यात. तू बाबांच्या कॉलरी उलटवून द्यायचीस, ते कसं करायचीस? बिचारा एकटाच असतो.

घड्याळजी आहेत म्हणून मला तुझी काळजी नाही. त्यांना सांग, घड्याळ मागे असलं तरी ताई कोणाच्या मागे नाही.

— धाकटा

---

४ फेब्रुवारी

धाकट्या, आशीर्वाद.

तिन्ही दारं उघडली! बाई आली, ठोठावलं, पाच उघडलं, सात उघडलं, नऊ उघडलं. घड्याळजींनी तर तिला आत बसवून भिंतीवरची सगळी घड्याळं दाखवली. तिन्ही दारांवर तात्पुरत्या पाट्या लागल्या आहेत. पण एवढ्यावर सुटका नाही. उन्हाळा संपायच्या आत ती पुन्हा येणार आणि त्या वेळी न सांगता. तेव्हाही तीन भरली की पक्की निळी पाटी.

बाई चांगली आहे. पायात मळलेले बूट, खांद्याला पाट्यांची जड पिशवी, आणि चेहऱ्यावर 'आता हीसुद्धा भांडणार' असा भाव. मी पाणी दिलं तेव्हा जरा बसली. डावीकडे विषम नंबर आणि उजवीकडे सम, मोजायचं चौकापासून, हे मला ठाऊक होतं. उंच इमारतीतलं ठाऊक नव्हतं. तिथे म्हणे आधी मजला आणि मग दार. चौथ्या मजल्यावरचं दुसरं दार म्हणजे चारशे दोन. माणूस राहतो अशा प्रत्येक दाराला नंबर असतोच, नसेल तर ती राहायची जागा नव्हे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुझ्या पत्त्यात नुसतंच 'बारावा मजला' असतं. दार कितवं? कळव, म्हणजे पाकिटावर नीट लिहीन.

कॉलरीचं सांगते. आधी शिवण ब्लेडने हळूच उसवायची, ओढायची नाही. मग कॉलर उलटी करून त्याच घडीत बसवायची, मध्यापासून दोन्हीकडे टाचण्या लावायच्या आणि बारीक टाक्यांनी शिवायची. टोकापासून सुरुवात केली तर एक बाजू लांब होते आणि माणूस जन्मभर वाकड्या मानेचा दिसतो. त्या बिचाऱ्याला सांग, सुई दिव्याखाली ओवावी.

— ताई

---

१ मार्च

ताई,

काल मला एक कार्ड आलं. घड्याळजींचं. लिहिलंय की मागच्या वर्षी दिवस थंड व्हायला लागले तेव्हापासून ते लेकीकडे राहतात, डोळ्यांनी बारीक काम होत नाही, आणि लिफ्टला घालतो ते पातळ तेल घड्याळाला चालेल का. खाली लिहिलंय, 'तुमच्या ताई एकट्या आहेत, माझ्या घराची किल्ली त्यांच्याकडे दिली आहे, त्यांचं ओझं वाढवलं म्हणून वाईट वाटतं.'

आता तू मला सांग, चार फेब्रुवारीच्या आधी नऊ नंबरचं दार आतून कोणी उघडलं? रोज संध्याकाळी तुझा चहा कोण पितं?

तू लहानपणी माझ्या वाटणीचा मार खायचीस तेव्हासुद्धा बाबांना तोंडावर खोटं सांगितलं नाहीस. मला चार पानं भरून सांगितलंस. मला हसूही आलं आणि नंतर जेवण गेलं नाही.

दाराचं म्हणशील तर बाराव्या मजल्यावर दार एकच आहे, म्हणून नंबर लागत नाही. पत्रं पोचतात ना? मग झालं.

— धाकटा

---

१० मार्च

धाकट्या,

बरं. पकडलंस.

तिन्ही दारं मीच उघडली. पाच उघडलं तेव्हा मी होते तशीच होते. बाई सातकडे वळली तशी मी मधल्या दारातून तुझ्या खोलीत पळाले, खुंटीवरचा तुझा जुना कोट अंगात घातला आणि दार उघडलं. ती म्हणाली, 'पुन्हा तुम्हीच?' मी म्हटलं, हा भावाचा भाग, भाऊ कामाला गेलाय. तिने मान हलवली आणि नऊकडे निघाली. मग मी मागच्या परसातून धावले. मधे कपड्यांची तार आडवी आली, ती मानेला लागली, किल्ली कोटाच्या अस्तरात गेली. ती बाहेर ठोठावतेय आणि मी परसात अस्तर फाडतेय. शेवटी आत शिरून धापा टाकतच दार उघडलं. डोक्यावर शाल घेतली होती, जणू शालीने माणूस बदलतो. बाई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, 'आता बसा जरा.' मी घड्याळजींच्या खुर्चीवर बसले आणि इतकी हसले, इतकी हसले, की नंतर रडू कधी आलं ते कळलं नाही.

तुला खोटं का लिहिलं ते विचारतोयस. तू लिहितोस ना, घड्याळजी आहेत म्हणून मला काळजी नाही. मला तुझी ती बिनकाळजी हवी होती. आणि दुसरं म्हणजे लिहिताना मलाच वाटायचं की ते खरंच येऊन गेले. दोन कप घासायला घेतले की संध्याकाळ जरा सरते. मी एकटी आहे, धाकट्या. गल्लीचं नाव गेलं तर मी कुठे राहते हे मला स्वतःलासुद्धा सांगता येणार नाही, असं वाटतं. म्हणून धावले.

आता तुझी पाळी. अकरा मजल्यांच्या इमारतीत बारावा मजला कुठून आला? तिथलं ते एकच दार कसलं? आणि गुडघा धरल्यामुळे ज्या बाईला पत्र लिहिता येत नाही, तिला नवऱ्याची कॉलरही उलटवता येत नाही का? की तो बिचारा एकटा माणूस तूच आहेस?

मी रागावणार नाही. सात नंबर तुझंच आहे. गादी मी उन्हात घालत असते.

— ताई

---

१८ एप्रिल

धाकट्या,

उत्तर नाही. मी फार खोलात बोट घातलं असेन तर ते सगळं सोड, नुसतं 'बरा आहे' एवढं लिही.

गल्लीच्या तोंडाशी दुसरा कागद लागलाय. आता कोणत्याही दिवशी येतील. पोस्टमन दिसला की मी दारात उभी राहते, तर तो लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. काल त्याने ते इतक्या हळूच केलं की मला त्याचीच दया आली.

— ताई

---

१२ मे

धाकट्या,

तुझ्या खोलीतून लिहिते आहे. मी तुला न्यायला आले आणि वॉचमन म्हणतो, लिफ्टवाले मामा परवाच घरी गेले. घरी म्हणजे कुठे, विचारलं, तर म्हणाला, बहिणीकडे, दुसरं कुठे आहे त्यांना घर. मी त्याच्याच स्टुलावर बसून हसले. आपण दोघं बहुतेक कुठेतरी समोरासमोरून गेलो असू, मी खिडकीतून भलतीकडेच बघत असेन.

परतीचं तिकीट रविवारचं आहे आणि तोवर गुडघाही बरा होईल. (माझा, तुझ्या बायकोचा नव्हे.) अकराव्यानंतर जिनाच आहे हे तू लिहिलं नव्हतंस. किल्ली वॉचमनने दिली. मी बहीण आहे हे त्याला सांगावं लागलं नाही, म्हणाला नाक सांगतंय.

तर हा तुझा बारावा मजला. गच्चीवरची लिफ्टच्या मोटरची खोली. एका बाजूला ती मोटर, दुसऱ्या बाजूला तुझी खाट, मध्ये एक माणूस आडवा चालेल एवढी जागा. खाली कोणी बटण दाबलं की सगळी खोली थरथरते आणि दिवा मंद होतो. दुपारी मी तुझ्या विजेच्या शेगडीवर भात लावला तर कोणी तरी वर गेलं, कोणी तरी खाली आलं, आणि भात तसाच राहिला. तू इथे झोपतोस कसा? सगळी इमारत आपापल्या घरी पोचली की मग तुझी मोटर थांबते आणि तुला झोप मिळते.

शेल्फावर दोन कप आहेत. त्यातल्या एकावर धूळ आहे. तुझी बायको किती दिवस झाले इथे नाही, हे मी वॉचमनला विचारलं नाही. ते तू सांगशील तेव्हा ऐकेन. दोरीवर तुझा सदरा वाळत होता. कॉलर तू टोकापासूनच शिवायला घेतलीस, मी सांगूनसुद्धा. डावी बाजू लांब झालीय. मी उसवून पुन्हा घातली.

आणि ते दार. दारावर खडूने तू लिहिलंयस, बाराशे एक. मी किल्ली हातात घेऊन कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. एकाचा आकडा अजून तस्साच काढतोस, डोक्यावर टोपी घातल्यासारखा. पाटीवर असा काढायचास आणि मास्तरांचा मार खायचास. कोणी नंबर दिला नाही म्हणून स्वतःच स्वतःला दिलास, आणि मला लिहिलंस की नंबर लागत नाही. मी तीन दारं धावले आणि तू एका दारावर खडू ओढलास. आपण दोघं एकाच आईची.

मी तो पुसला नाही. रविवारी निघते.

— ताई

---

१३ मे

ताई,

तुझ्या दारावर तू चिठ्ठी लावून गेलीस, 'नंबर ऑफिसच्या बाईंसाठी: मी भावाकडे गेले आहे, कृपया रविवारनंतर यावे.' ती काढून तिथेच हे पाकीट लावतोय, म्हणजे आल्या आल्या हातात पडेल. तुझ्यामागे धावत यावं असं एकदा वाटलं, पण मग तू निघालेली असशील आणि आयुष्यभर आपण असेच समोरासमोरून जात राहू. म्हणून इथेच थांबलोय.

तू विचारलेलं खरं आहे. ती तीन वर्षांपूर्वी तिच्या बहिणीकडे चार दिवस राहायला गेली आणि तिथेच राहिली. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडण मिटवता तरी येतं. मग घर एकट्याला मोठं पडलं, भाडंही जड झालं, मालक म्हणाले वर खोली आहे. तुला लिहिलं नाही कारण लिहिलं की खरं होतं. तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हा मी रोज उत्तर लिहायला बसायचो आणि 'ताई' एवढं लिहून दिवा मालवायचो. शेवटी म्हटलं, लिहिता येत नाही तर जाऊन दाखवावं.

मी माझ्या किल्लीने सातमध्ये शिरलो. गादी खरंच उन्हाच्या वासाची होती. मधलं दार उघडं होतं. तुझ्याकडे खुंट्यांवर किल्ल्या टांगलेल्या पाहिल्या, घड्याळजींची, कारखान्याच्या मुकादमाची, शिंपिणीची, सगळ्या गेलेल्या लोकांच्या. प्रत्येकीला चिंधीचा वेगळा रंग. काल संध्याकाळी मी नऊमध्ये गेलो. जमीन पुसलेली, घड्याळांना किल्ली दिलेली, खिडकीत दिवा ठेवायची जागा काळी पडलेली. ताई, तू रोज रिकाम्या घरांची चाकरी करतेस आणि मग दमून आपल्या घरी एकटी जेवतेस. मला ते बघवलं नाही.

आणि आज सकाळी नंबरवाली बाई आली. पाचवरची चिठ्ठी वाचून तिने सात ठोठावलं. मी उघडलं.

ती म्हणाली, 'ताई भावाकडे गेल्यात ना? मग तुम्ही कोण?'

मी म्हटलं, 'तोच भाऊ.'

तिला हसू आवरेना. पिशवी खाली ठेवून ती पायरीवरच बसली. मग तिने सांगितलं की मागच्या वेळी तिन्ही दारं एकाच बाईने उघडली हे तिला नऊला शाल असूनही कळलं होतं. तुझ्या पायांतल्या चपला तिन्ही दारांत त्याच होत्या. तरी तिने लिहिलं, तीन दारं आतून उघडली. नियमात दार आतून उघडायला हवं एवढंच आहे, कोणी उघडायचं ते लिहिलेलं नाही, असं म्हणाली.

मग ती उठली आणि नऊकडे बघत मला म्हणाली, 'मी जरा सावकाश चालते. ठोठावू?'

म्हणजे मी परसातून धावावं एवढी सवड ती देत होती. घड्याळजींची किल्ली माझ्या खिशात होती. मी धावणार होतो, ताई, तुझ्यासाठी. पण मला तू दिसलीस, माझा कोट घालून तारेखालून पळताना, या वर्षी, पुढच्या वर्षी, पाय चालेनासे होईपर्यंत. मी म्हटलं, नको. तिथे कोणी राहत नाही.

तिने विचारलं, 'आणि सातमध्ये?'

मी म्हटलं, 'राहतो.'

'कायमचे?'

हो म्हणायला मला वेळ लागला. पण म्हटलं. मालकांना आजच तार केली, लिफ्टसाठी दुसरा माणूस बघा म्हणून. इथे मोठ्या रस्त्यावर दोन नव्या इमारती चढतायत, त्यांनाही कोणीतरी वर नेणारं लागेलच.

तर गल्लीचं नाव मी घालवलं. मधल्या दारातून जाऊन पाचही मी आतून उघडून दाखवलं, तरी दोनच दारं भरली. पाटी पुढच्या आठवड्यात उतरेल, भिंगवाल्यांची गल्ली आता कुठेच लिहिलेली असणार नाही. तू आयुष्यभर तिथे भिंगं घासलीस आणि मी एका 'नको'ने ती पुसली. रागाव. हवं तर बाबांनी सांगितलं होतं तसं मधलं दार लावून घे, मी ठोठावणार नाही. फक्त एवढं ऐक, की बाईने सांगितलं, एकच दार उरलं असतं तर नुसतं 'मागची बाजू' झालं असतं, वेगळा नंबर नाही. दोन आहेत म्हणून दोघांना आपापले मिळतात. तुझा सव्वीस-अ, माझा सव्वीस-ब. टायरच्या मागेच, पण दोघं.

नऊची घड्याळं मी थांबवली आहेत. किल्ली घड्याळजींना पाठवू, तेलाबरोबर.

आता हे वाचून झालं की तुझी किल्ली काढू नकोस, तशीच पर्समध्ये राहू दे. सामान खाली ठेव आणि शेजारचं दार ठोठाव. मी आतून उघडतो.

— धाकटा